खडकदऱ्याची हाक

मारेगावातली कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा मोहिउद्दीन मिस्तरी सेहेचाळीस वर्षांचा होता. वीस वर्षं त्याने तिथल्या यंत्रांची देखभाल केली होती. यंत्र चालू असलं की तो पाच पावलांवर डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, तिसऱ्या नंबरच्या रोलरचं चामडं घासलंय, पाचव्याच्या बेअरिंगला तेल नाही. उघडून पाहावं तर तसंच निघायचं. या माणसाचा कान चुकत नाही, असं मालकसुद्धा म्हणायचा. पण कापसाचे दिवस फिरले, गाड्या येईनाशा झाल्या आणि एका दिवाळीनंतर मालकाने फाटकाला कुलूप लावलं ते काढलंच नाही. मोहिउद्दीनने एक जुनी जीप घेतली, स्वतःच इंजिन खोलून नीट केली आणि बसस्टँडासमोरच्या निंबाखाली उभी केली.

त्याला वाटलं होतं, बाजाराच्या सवाऱ्या मिळतील. मिळाले ते पाहुणे. ते दोन हजार सहा साल होतं, आणि यवतमाळ जिल्ह्यात दिल्ली-मुंबईहून माणसं यायला लागली होती. कधी समिती, कधी वर्तमानपत्रवाले, कधी कॉलेजची पोरं. त्यांना गावोगावची घरं पाहायची असत, जिथे भिंतीवर नव्या फोटोला हार घातलेला असे. मोहिउद्दीन त्यांना नेऊन पोचवी आणि बाहेर जीपला टेकून उभा राही. अशी तीन घरं झाली की परतताना जीपमध्ये कुणी बोलत नसे. मग केव्हातरी पुढे बसलेला माणूस घसा साफ करून विचारी, इकडे आसपास बघण्यासारखं काही आहे का.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मोहिउद्दीनला त्या माणसाचा राग आला. चार-सहा फेऱ्यांनंतर तो राग गेला. आपल्यालाही त्या घरांतून थेट आपल्या घरी जावंसं वाटत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो न विचारताच गाडी खडकदऱ्याकडे वळवू लागला.

खडकदऱ्याच्या टेकडीवर महादेवाचं जुनं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. दारात पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे असं सांगणारी. देवळाच्या मागच्या अंगाला रुंद जोतं, जोत्याखाली सीताफळांची दाट झुडपं आणि त्याखाली तलाव. तांड्यावरचा लालसिंग तिथे पायडलच्या दोन बोटी चालवायचा. तलावाच्या वरच्या बाजूला नाल्यावर दिवाळीपर्यंत टिकणारा धबधबा होता, त्याच्या खडकात रांजणाएवढे गोल खड्डे पडलेले. पलीकडच्या सागवनात वनखात्याचं मचाण होतं, तिथून उन्हं कलल्यावर रोही, म्हणजे नीलगाई, पाण्यावर येताना दिसायचे. देऊळ, डबा, बोट, धबधबा, मचाण असा एक फेरा मोहिउद्दीनने बसवला. धबधब्याशी पोचेपर्यंत पाहुणे हसायला लागलेले असत, आणि ते हसले की त्यालाही हलकं वाटे.

गोष्ट त्याने मुद्दाम रचली नव्हती. मुंबईचे एक वयस्कर साहेब जोत्यावर बसून डबा खात होते. ते म्हणाले, एवढं जुनं देऊळ, याची काही दंतकथा असेलच की. नाही म्हणायला मोहिउद्दीनची जीभ रेटेना. तो बोलत गेला आणि गोष्ट होत गेली. देऊळ बांधलं तेव्हा खाली नदी होती. कळसाचा शेवटचा दगड एक पाथरवट तराफ्यावरून आणत होता. ऐन दुपारी दगड सरकला आणि पाथरवट त्याच्याखाली पाण्यात गेला. त्याने वर जोत्यावर बसलेल्या गड्यांना हाक मारली, ‘हात लावा.’ गडी जेवत होते. कुणी उठलं नाही. तेव्हापासून भर दुपारी पाण्याकडून हाक येते. तिला ओ द्यायची नसते, जो ओ देईल तो पाथरवटाच्या जागी जातो.

साहेबांनी घास हातात तसाच धरून ठेवला होता. मोहिउद्दीन जन्मात पहिल्यांदाच असं काही बोलला होता, आणि त्याला ते फार आवडलं. पुढच्या पाहुण्यांना त्याने ती पुन्हा सांगितली, थोडी वाढवून. लवकरच तो डब्याची वेळ बरोबर बारानंतरची साधू लागला.

दसऱ्याला आठवडा असताना पुण्याच्या कॉलेजची सहा मुलं-मुली आली. त्यांची म्होरकी प्रेरणा नावाची मुलगी होती, वहीत सगळं लिहून घेणारी. सकाळी त्यांनी दोन घरं केली होती. दुसऱ्या घरात फोटोतल्या माणसाचं वय त्यांच्याएवढंच होतं. जोत्यावर डबे उघडले तरी कुणी घास घेत नव्हतं. लालसिंग नातलगांकडे पुसदला गेलेला, बोटी बांधून ठेवलेल्या, सगळीकडे चिडीचूप. मोहिउद्दीनने गोष्ट सुरू केली. दगड सरकला इथपर्यंत तो आला होता, तेवढ्यात खालून आवाज आला.

“कोनी हाय का वो.”

मुलं जागच्या जागी थिजली. प्रेरणा अर्धवट उठली. “काका, खाली कुणीतरी आहे,” ती म्हणाली.

मोहिउद्दीनने ओठांवर बोट ठेवलं. गोष्टीतला पाथरवट ‘हात लावा’ म्हणतो, ‘कोनी हाय का’ म्हणत नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. कुणी गुराखी दुसऱ्याला बोलावत असेल, असंही वाटलं. पण सहा जणांचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि गोष्ट कधी नव्हे एवढी रंगली होती.

“ओ देऊ नका,” तो हळूच म्हणाला.

हाक पुन्हा एकदा आली. मग पाण्यावरून एक बगळा उडाला आणि सगळं शांत झालं. मुलांनी रोखलेला श्वास सोडला, कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. प्रेरणा जोत्याच्या कडेला जाऊन वाकली, पण सीताफळांच्या आड खालचा कोपरा दिसत नव्हता. थोड्या वेळाने ते धबधब्याकडे गेले.

संध्याकाळी मारेगावात चहाच्या टपरीवर बातमी आली की खडकदऱ्याचे भगवानराव सापडत नाहीत. दुपारी बैल धुवायला तलावावर गेले होते, बैल एकटेच घरी आले. मोहिउद्दीनच्या हातातला कप तसाच राहिला. भगवानरावांना तो पंधरा वर्षं ओळखत होता. कापूस घेऊन जिनिंगवर आले की वजनाची पाळी येईपर्यंत ते त्याच्या खोलीत येऊन बसायचे, हुरड्याच्या दिवसांत फडक्यात हुरडा बांधून आणायचे. कमी बोलणारा माणूस.

तलावाच्या पलीकडच्या काठावर, त्यांच्या वावराच्या बाजूला, सदरा आणि वहाणा सापडल्या होत्या. म्हणून दोन दिवस तिकडेच गळ टाकले, पोहणारे उतरवले. मोहिउद्दीन दोन्ही दिवस तलावाच्या बांधावर जाऊन उभा राहिला. सांगायचं म्हणून जायचा आणि न सांगता परत यायचा. आवाज बारीक होता, तो स्वतःला म्हणे. लांबून आला होता. कुणाचाही असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळ गुंडाळले गेले तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं याचीच त्याला भीती बसली.

प्रेत मिळालं नाही, तशी लोकांची तोंडं दोन्हीकडून चालू झाली. कुणी म्हणे, माणूस परागंदा झाला, त्या वर्षांत बरेच जण असे निघून गेले होते. कुणी म्हणे, समजून उमजूनच पाण्यात गेला. भगवानरावांच्या बायकोच्या, बेबीताईच्या, कपाळावरचं कुंकू पाहून बाया आपसांत बोलत. तिच्या घरी भिंतीवर फोटो नव्हता. त्यामुळे कुठली समितीही तिच्या दारात गेली नाही.

मोहिउद्दीनचा कान तेव्हापासून बिघडला. दुपारी गाडी चालवताना इंजिनाच्या खालून त्याला काहीतरी ऐकू येई. पट्टा सैल झाला असेल म्हणून तो गाडी बाजूला घेई, बॉनेट वर करी, डोळे मिटून ऐकत राही. इंजिन ठणठणीत असे. बंद केलं तरी ते येतच राही, अगदी इंजिन थंड होईपर्यंत. घरी जेवताना घास टाकून तो दारापर्यंत जाऊन येई. त्याची बायको गुलनार विचारी, कोण आहे, तर कुणी नाही म्हणून परत ताटावर बसे. तिने दर्ग्यातून ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला. तो त्याने काढला नाही, पण ते थांबलंही नाही.

गोष्ट सांगणं त्याने सोडून दिलं. गोष्टीला मात्र आता त्याची गरज उरली नव्हती. पुण्याच्या मुलांनी आपण स्वतः हाक ऐकली असं चौघांना सांगितलं असावं. लालसिंग ती पणजोबाच्या नावावर सांगू लागला. कुणीतरी जोत्याजवळच्या बाभळीला पत्र्याची पाटी ठोकली, ‘हाक पॉइंट’. रविवारी वणीहून, पांढरकवड्याहून मोटारसायकली येऊ लागल्या. पोरं बारा वाजता जोत्यावर रांगेने बसत आणि एकमेकांना दटावत, ओ देऊ नको बे.

होळी झाली त्या आठवड्यात बेबीताई मारेगावच्या जीपस्टँडवर आली. उन्हातून चालून चेहरा लाल झालेला, हातात एक पिशवी. मोहिउद्दीनने पुढची सीट पुसून दिली, पण ती बसली नाही.

“मोहिदभाऊ,” ती म्हणाली, “लोकं म्हनतात खडकदऱ्याच्या देवळापाशी दुपारी आवाज येते. तो बाईचा हाय का मानसाचा?”

“तुमी कायले इचारून राह्यल्या वहिनी?”

“मले आयकाचा हाय. मी इतक्या जवळ राहून कधी गेलतीच नाई. एकटीची छाती होत नाई.”

नाही म्हणण्यासारखी बरीच कारणं त्याच्याकडे होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. त्याने गाडी चालू केली. रस्ताभर ती एवढंच बोलली की तुरीच्या शेंगा यंदा भरल्या नाहीत. कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली वावरं दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती.

ते जोत्यावर पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. तलाव अर्धा आटला होता. आत मध्यावर लालसिंगची एक बोट होती, तिच्यात चार तरुण पोरं. बेबीताईने पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि शेजारी ठेवलं, उघडलं नाही. पदर सावरून ती पाण्याकडे तोंड करून बसली. मोहिउद्दीन तिच्या मागे दोन हात अंतरावर बसला. बारा वाजून गेले. ऊन दगडातून वर येत होतं. ती मान थोडी तिरकी करून ऐकत होती, मोहिउद्दीन यंत्राजवळ उभा राहायचा तशीच. त्याला तिच्याकडे पाहवेना.

मग पाण्यावरून हाक आली. “हात लावा वोऽऽ.”

बेबीताई ताडकन उठली, पदर खांद्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. ओ द्यायला तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बोटीतली पोरं खो खो हसली आणि त्यांच्यातल्या एकाने जोत्याकडे हात हलवला.

मग ती खाली बसली आणि फडक्याची गाठ उगीच सोडू-बांधू लागली. मोहिउद्दीन उठून तिच्यासमोर आला आणि खाली दगडावर बसला.

“वहिनी, ही गोष्ट म्या बनवली,” तो म्हणाला. “पाथरवट-गिथरवट कोनी नव्हता. लोकायचं मन रमावं म्हनून म्या सांगतली.”

तिने मान हलवली, जणू असं काही असेल हे तिला येतानाच ठाऊक होतं. पण तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा कधी बोलला नसता. ती दुपार त्याने सांगितली. सहा मुलं, उघडे डबे, खालून आलेला आवाज, आवाजातले शब्द, आपण ओठांवर ठेवलेलं बोट. कुठून आवाज आला तेही दाखवलं, सीताफळांच्या खाली, जिथे बुडालेल्या बाभळींचे शेंडे आता पाण्याबाहेर आले होते. आवाज बारीक होता, असंही तो म्हणाला.

बेबीताईने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“किती डाव?” तिने विचारलं.

“दोनदा.”

“कोनी हाय का म्हने?”

“हो.”

“म्हंजे त्याईनं बोलावलतं.” ती म्हणाली. “सारं गाव म्हनते गेला टाकून. माहा रजत म्हनते, बाबा आपल्याले सोडून गेले, त्यायचं नाव काढू नको. आन् ते इथं हाक मारून राह्यलते.”

मग ती रडली, कपाळ गुडघ्यांवर टेकून. मोहिउद्दीन समोर बसून राहिला. रडणं ओसरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. “तुमी उठले असते तं?” तिने विचारलं. मग ती म्हणाली, जे मले सांगतलं ते ठाण्यात सांगा, कागदावर येऊ द्या.

त्याच दुपारी त्याने ठाण्यात जाऊन जबाब दिला. आवाजावर कागद कसा करायचा, हे तिथल्या जमादाराला आधी कळेना. मोहिउद्दीनने पाकिटातून प्रेरणाने त्या दिवशी निघताना दिलेलं नाव-पत्त्याचं कार्ड काढून दिलं. पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं. तारीख, वेळ, ऐकू आलेले शब्द, सगळं तिच्या वहीत जसंच्या तसं होतं. मोहिउद्दीनसाठी वेगळी चिठ्ठी होती, दोन ओळींची. खाली उतरून पाहायला हवं होतं, हे मीही विसरलेले नाही, असं तिने लिहिलं होतं.

बाभळींचा कोपरा अजून गळाभर गाळाचा होता. जमादार म्हणाला, पाणी उतरू द्या. मेच्या अखेरीस, तलावात डबकं उरलं तेव्हा, लालसिंग आणि तांड्यावरचे चौघे फावडी घेऊन उतरले. मोहिउद्दीनही विजार खोचून त्यांच्याबरोबर उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी लालसिंगने हात वर केला. भगवानराव बाभळीच्या दोन बुंध्यांमध्ये होते. जे उरलं होतं त्यात बैलाच्या कासऱ्याचा तुकडा मनगटाच्या हाडाला गुंडाळलेला होता. भेदरलेला बैल खोल पाण्यात शिरून पोहत या काठाला आला असावा, आणि त्याला सोडवायला ते मागे गेले असावेत. कमरेच्या करदोड्यात घराच्या कुलपाची किल्ली होती. बेबीताईने ती ओळखली. काठावर जमलेल्या बायांकडे वळून ती म्हणाली, घर सोडून जाणारा माणूस किल्ली नेत नसते.

‘हाक पॉइंट’ची पाटी मोहिउद्दीनने स्वतः उपटून काढली. महिन्याभरात दुसरी लागली. एकदा नागपूरच्या काही तरुणांना त्याने जोत्यावरच खरं काय ते सांगितलं, त्यांनी हाका मारणं थांबवावं म्हणून. त्यातला एक जण शेजारच्याला म्हणाला, हे तर पाथरवटाच्या गोष्टीहून भारी आहे. त्यानंतर मोहिउद्दीनने खडकदऱ्याची सवारी घेतली नाही.

तेराव्याचं बोलावणं बेबीताईने स्वतः पाठवलं. जावं की नाही, यावर त्याने रात्र काढली. गुलनार म्हणाली, बोलावलंय तर जायला पाहिजे, शिक्षा असली तरी. तो गेला. अंगणात मांडव होता, गाव जेवून उठत होतं. भिंतीवर भगवानरावांचा फोटो लागला होता, शेतकरी सोसायटीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. जेवणं आटोपल्यावर बेबीताईने त्याला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे तिचा मुलगा रजत बसला होता. तो पुण्याला कंपनीत होता, डोक्याचे केस उतरवलेले, वडिलांसारखाच रुंद कपाळाचा.

“याले सांगा,” बेबीताई म्हणाली. “माह्या तोंडून आयकलं त्यानं. तुमच्या तोंडून आयकू द्या.”

मोहिउद्दीनने सांगितलं. जमेल तेवढं कोरडं सांगितलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा ही सवय आवरून धरली. पाथरवट, कळस यातलं काही आणलं नाही. रजत जमिनीकडे पाहत ऐकत होता. बाहेर बाया ताटं धूत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

संपल्यावर रजतने मान वर केली. “ठाण्यातल्या कागदावर लिहिलंय, आवाज बारीक होता,” तो म्हणाला. “खरंच बारीक होता?”

दंडावरचा ताईत मोहिउद्दीनला टोचत होता. त्याने एकदा बेबीताईकडे पाहिलं आणि मग त्या पोराकडे.

“नाई,” तो म्हणाला. “मोठा होता. लय मोठा होता.”